वृद्ध आईवडिलांची घरच्या घरी शुश्रूषा : व्यवस्था कशी लावावी?

विनयपिटकातील महावग्ग या ग्रंथात एका आजारी भिक्खूची हकीकत आलेली आहे. अतिसाराने जर्जर झालेला हा भिक्खू आपल्याच मलमूत्रात पडून होता. भगवान बुद्ध आनंदासह भिक्खूंची निवासस्थाने पाहत फिरत असताना त्याच्यापाशी आले. तुझी शुश्रूषा करणारा कोणी नाही काय, असे विचारता तो नाही म्हणाला. आपण इतर भिक्खूंच्या कधी उपयोगी पडलो नाही, म्हणून तेही आपल्याकडे पाहत नाहीत, असे कारणही त्याने सांगितले. तथागतांनी आनंदाला पाणी आणावयास लावले. स्वतः पाणी ओतले, आनंदाने अंग धुतले. मग एकाने डोक्याकडून व दुसऱ्याने पायाकडून उचलून त्याला मंचकावर निजविले.

आपल्याकडे ही हकीकत करुणेचे उदाहरण म्हणून सांगितली जाते आणि बहुधा येथेच थांबविली जाते. विद्यार्थ्यांनी तिचा पुढचा भाग अधिक लक्षपूर्वक वाचावा. तथागतांनी लगेच संघ जमविला. येथे तुमची देखभाल करावयास आईबाप नाहीत, तेव्हा तुम्हीच एकमेकांचे केले पाहिजे, हे समजाविले. आजाऱ्याची सेवा ही आपलीच सेवा होय असेही सांगितले. परंतु एवढ्यावर न थांबता त्यांनी नियम घालून दिला. उपाध्याय असेल तर उपाध्यायाने, आचार्य असेल तर आचार्याने, शिष्य असेल तर शिष्याने, सोबत राहणारा असेल तर त्याने शुश्रूषा करावी. यांपैकी कोणीच नसेल तर ती संपूर्ण संघाने करावी. न केल्यास तो दोष ठरेल. म्हणजे करुणेचे काम त्यांनी नुसत्या करुणेवर सोडून दिले नाही. त्याची क्रमवार जबाबदारी लावून दिली.

प्रस्तुत लेखात आम्हाला हाच मुद्दा आपल्या घरापुरता मांडावयाचा आहे. आईवडील अंथरुणाला खिळले की आपल्या घरांत शुश्रूषेची व्यवस्था कोणी लावीत नाही. ती कोणावर तरी पडते. पडते कोणावर हेही सर्वांना ठाऊक आहे. थोरल्या सुनेवर, लग्न न झालेल्या मुलीवर, नाहीतर नोकरी नसलेल्या धाकट्यावर. बारावीची परीक्षा झाल्यावर चार महिने आजीजवळ थांब, असे सांगून घरी बसविलेली आणि पुन्हा कॉलेजची पायरी न चढलेली मुलगी आमच्या वस्त्यांत शोधावी लागत नाही. शिक्षणासाठी ज्या समाजाने पोटाला चिमटा घेतला, त्याला ही गोष्ट किरकोळ वाटता कामा नये.

हा प्रश्न यापुढे वाढणारच आहे. २०११ च्या जनगणनेत देशातील साठ वर्षे व त्यावरील व्यक्तींची संख्या १० कोटी ३८ लाख भरली. महाराष्ट्रात त्यांचे प्रमाण शेकडा दहाच्या आसपास होते. १९५६ साली आईच्या कडेवर बसून नागपूरला धम्मदीक्षेला गेलेली लेकरे आज सत्तरी ओलांडून गेली आहेत. त्या पिढीतील कोणी गिरण्यांत राबले, कोणी रेल्वेत, कोणी नगरपालिकेच्या सफाई खात्यात. अशी शरीरे लवकर झिजतात. आणि पूर्वी ज्या आजारात माणूस आठ दिवसांत जाई, त्यातून आता तो वाचतो, पण पुढे पाच-सात वर्षे कोणाच्या तरी हाताची गरज घेऊन जगतो.

पहिली बैठक

दवाखान्यातून घरी आणल्यावर पहिल्याच आठवड्यात सर्व भावंडांनी, मुलींसह, एकत्र बसावे. परगावी असणाऱ्यांनी फोनवरून बैठकीत भाग घ्यावा. एक वही घ्यावी आणि तीत लिहावे. तोंडी ठरलेले दोन महिन्यांत विस्मरणात जाते आणि मग भांडण उरते. दिवसा जवळ कोण, रात्री कोण उठणार, दवाखान्यात कोण नेणार, औषधांचा खर्च कोणी किती द्यावयाचा, पेन्शन किंवा भाडे येत असेल तर ते कोणाच्या हातात व त्याचा हिशेब कोण ठेवणार, हे नावानिशी लिहिले गेले पाहिजे. जो पैसे देऊ शकत नाही त्याने वेळ द्यावा, आणि जो वेळ देऊ शकत नाही त्याने पैसे द्यावेत. फोनवरून नुसत्या सूचना देणाऱ्याची गणना आम्ही दोहोंतही करीत नाही.

या वहीत सर्वांत आधी लिहावयाची बाब मात्र बहुतेक घरांत लिहिलीच जात नाही. ती म्हणजे शुश्रूषा करणारीची सुटी. आठवड्यातून एक पूर्ण दिवस आणि रोज सलग सहा-सात तासांची झोप तिला कोण मिळवून देणार, हे ठरल्याशिवाय बैठक संपवू नये. रात्री तीनदा उठणारी बाई सकाळी पुन्हा डबा करते, मुलांना शाळेत धाडते. सहा महिन्यांनी तिची कंबर जाते, वर्षभराने तिचा रक्तदाब वाढतो, आणि मग घरात दोन आजारी होतात. ती एके दिवशी म्हाताऱ्या सासूवर ओरडली तर तिला दूषण देण्याआधी त्या रात्री ती किती झोपली होती ते विचारावे.

श्रावणबाळाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो. एकटा मुलगा, खांद्यावर कावड. आम्हाला ती गोष्ट या बाबतीत अपुरी वाटते, कारण तो एकटा पडला आणि त्याच्यामागे आईबापांना पाणी पाजणारेही कोणी उरले नाही. पाली साम जातकात हाच प्रसंग आहे, पण तेथे सामाला बाण मारणारा राजा स्वतः पाण्याचे भांडे उचलून त्या आंधळ्या मातापित्यांकडे जातो आणि यापुढे तुमचे मी करीन असे सांगतो. तेथे दुसरा माणूस जबाबदारी घेतो, हा फरक लक्षात घ्यावा.

योग्य काय, अयोग्य काय

महावग्गात शुश्रूषा करणाऱ्याचे, म्हणजे गिलानुपट्ठाकाचे, पाच गुण सांगितले आहेत. त्याला औषध तयार करता यावे. आजाऱ्याला मानवणारे व न मानवणारे ओळखून त्याप्रमाणे वागता यावे. त्याने लाभासाठी नव्हे तर मैत्रीने सेवा करावी. मलमूत्र, थुंकी, वांती काढावयास त्याला किळस वाटू नये. आणि प्रसंगी धम्माच्या गोष्टी सांगून आजाऱ्याचे मन उभारता यावे. यांतील पहिला गुण आज सोपा झाला आहे, कारण औषध कुटावयाचे नसून वेळेवर द्यावयाचे असते. एका कागदावर औषधाचे नाव, कशासाठी, किती वाजता, जेवणाआधी की नंतर, असे मोठ्या अक्षरांत लिहून तो भिंतीवर लावावा. हे काम घरातील विद्यार्थ्याने करावे. दोन डॉक्टरांनी एकच औषध दोन निराळ्या कंपन्यांच्या नावाने लिहून दिल्याचे वारंवार आढळते. पाकिटावर बारीक अक्षरात छापलेले मूळ नाव वाचणाऱ्याच्या ते लगेच ध्यानात येते.

दुसऱ्या गुणाविषयी मात्र सविस्तर लिहिले पाहिजे, कारण घरोघरी प्रेमाने केले जाणारे अपायही याच सदरात येतात.

झोपलेल्या किंवा ग्लानीतल्या माणसाच्या तोंडात चमच्याने पाणी ओतणे हा त्यांतला पहिला. ते पाणी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जाते आणि दोन दिवसांनी न्यूमोनिया होतो. जेवू घालताना माणूस पूर्ण जागा असावा, पाठीला उशा लावून ताठ बसविलेला असावा, हनुवटी किंचित खाली झुकलेली असावी. लहान चमचा, एक घास गिळल्याची खात्री झाल्यावर दुसरा, आणि जेवणानंतर अर्धा तास आडवे करू नये. पातळ पाण्यापेक्षा दाटसर पेज किंवा मऊ खिचडी अनेकांना सुखाने गिळता येते. घास घेताना खोकला येत असेल किंवा आवाज घोगरा, ओलसर होत असेल तर भरवणे थांबवून डॉक्टरांना विचारावे. पक्षाघातानंतर तर गिळता येते की नाही हे डॉक्टरांनी तपासल्याशिवाय तोंडातून काहीच देऊ नये.

दुसरी गोष्ट शय्याव्रणाची, ज्याला दवाखान्यात बेडसोअर म्हणतात. स्वतः कूस बदलू न शकणाऱ्या माणसाला साधारणपणे दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते : डावी कूस, पाठ, उजवी कूस. भिंतीवर वेळेचा तक्ता लावून प्रत्येक वेळी खूण करावी. माकडहाड, टाचा, खुबे, खांद्याची पाती, कोपर आणि डोक्याची मागची बाजू रोज आंघोळीच्या वेळी पाहावी. कातडी लाल झाली की सावध व्हावे असे पुस्तकांत लिहिलेले असते. आपल्या सावळ्या कातडीवर लाली दिसतेच असे नाही. म्हणून हाताने पाहावे. एखादी जागा भोवतालच्या कातडीपेक्षा गरम किंवा थंड, कडक किंवा भुसभुशीत लागत असेल, काळसर-जांभळी दिसत असेल, तेथे दुखत असेल, तर ती जखमेची सुरुवात समजावी आणि त्या जागेवर भार देऊ नये. पूर्वी अशा जागी स्पिरिट आणि पावडर लावून चोळीत असत. चोळू नये, आतले मांस त्याने अधिकच दुखावते. मधोमध भोक असलेली रबरी रिंग बसावयास देण्याची पद्धतही टाळावी, कारण तिच्या कडांचा दाब पडून भोवतालचा रक्तपुरवठा अडतो. टाचा गादीला टेकू नयेत म्हणून पोटरीखाली उशी ठेवावी. माणसाला ओढून वर सरकवू नये. त्याच्याखाली आडवी घडी घातलेली चादर असावी व दोघांनी ती दोन्ही बाजूंनी धरून उचलावे. हवेची गादी मिळाली तर उत्तम, पण ती आहे म्हणून कूस बदलणे थांबवू नये. आणि अंडी, मासे, डाळ, दूध यांपैकी जे मानवेल ते रोज पोटात गेले पाहिजे. उपाशी शरीरावरची जखम भरत नाही.

मधुमेह असलेल्या वृद्धांच्या बाबतीत एक धोका घरच्यांना पटकन कळत नाही. जेवण कमी झाले तरी साखरेची गोळी किंवा इन्सुलिन पूर्वीइतकेच चालू राहते आणि साखर एकदम उतरते. दरदरून घाम, थरथर, असंबद्ध बोलणे ही त्याची लक्षणे होत. जागा असेल तर लगेच साखरपाणी द्यावे. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता दवाखाना गाठावा. खुद्द डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना मधुमेहाने किती त्रास दिला हे आपण जाणतो. १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांचा विवाह झाल्यानंतर माईसाहेबांनी, ज्या स्वतः डॉक्टर होत्या, त्यांच्या पथ्यपाण्याची आणि औषधांची जबाबदारी सांभाळली. ज्ञान असलेली व्यक्ती घरात असणे हे केवढे मोठे साधन आहे, हे त्यावरून दिसते. प्रत्येक घरात डॉक्टर असू शकत नाही. परंतु साखर मोजणे, रक्तदाब घेणे, तापमापक वाचणे हे दहावी झालेला कोणताही मुलगा किंवा मुलगी एका दुपारी शिकू शकते.

घरच्या घरी काय होऊ शकत नाही, हे ओळखणे हाही त्याच गुणाचा भाग आहे. तोंड वाकडे होणे, एक हात खाली पडणे, बोबडी वळणे यांपैकी काही अचानक झाले तर तेलाने चोळत किंवा उताऱ्याच्या मागे लागून वेळ दवडू नये. मेंदूतील रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध साडेचार तासांच्या आतच देता येते. १०८ क्रमांकाला फोन करावा. काल बरा बोलणारा माणूस आज अचानक बरळू लागला तर तेही म्हातारचळ म्हणून सोडून देऊ नये. लघवीतील जंतुसंसर्ग, शरीरातील पाणी कमी होणे किंवा नवे औषध हे त्याचे कारण असू शकते व त्यावर उपाय असतो.

हळूहळू वर्षानुवर्षे वाढत जाणारे विस्मरण मात्र निराळे. अशा आजीने, मला माझ्या घरी नेऊन सोडा, असे आपल्याच घरात म्हटले तर, हेच तुझे घर, असा वाद घालण्यात अर्थ नसतो. जरा वेळाने जाऊ, तोवर चहा घेऊ, असे म्हणावे. तिन्हीसांजेला अस्वस्थता वाढते म्हणून त्या सुमारास घरात दिवे लावलेले असावेत आणि ओळखीचे कोणी जवळ असावे.

घाणीचे काम कोणाचे?

चौथ्या गुणाबद्दल स्पष्ट बोलणे आम्हाला आवश्यक वाटते. ज्या समाजावर गावाची घाण काढण्याचे काम जन्मावरून लादले गेले, त्याने ते नाकारले आणि तो माणूस म्हणून उभा राहिला. काम जन्मावरून ठरत नाही, हे आपण जगाला सांगितले. मग आपल्याच घरात वडिलांचे लंगोट बदलण्याचे काम बाईच्या जन्मावरून कसे ठरते? मुलगा औषधे आणतो, डॉक्टरांशी बोलतो, आणि बेडपॅनच्या वेळी बाहेर जाऊन उभा राहतो. महावग्गातील त्या प्रसंगात पाणी कोणी ओतले आणि अंग कोणी धुतले, हे अशा मुलांनी एकदा पुन्हा वाचावे. शिवाय म्हाताऱ्या बापाला सुनेच्या हातून धुऊन घेताना जी शरम वाटते, ती मुलाच्या हातून कमी वाटते. कित्येक वृद्ध याच शरमेपोटी पाणी पिणे कमी करतात आणि त्यातून नवे दुखणे ओढवून घेतात.

या कामाची रीत थोडक्यात अशी. दहा बाय बाराच्या खोलीत आणि सार्वजनिक संडास असलेल्या चाळीत कमोडची खुर्ची खोलीतच ठेवावी लागते. तिच्याभोवती दोरीवर पडदा लावावा व त्या वेळी मुलांना बाहेर पाठवावे. सकाळी उठल्यावर आणि जेवणानंतर थोड्या वेळाने ठरलेल्या वेळी बसविले तर पुष्कळदा डायपर लागतच नाही. लागला तर पैसे वाचविण्यासाठी ओला डायपर तसाच ठेवू नये. हातमोजे घालावेत, कोमट पाण्याने पुसावे, बायकांना नेहमी पुढून मागे पुसावे, जांघा कोरड्या कराव्यात. गादीवर मेणकापड व त्यावर सुती चादर असावी. लघवीची नळी असेल तर पिशवी कमरेच्या पातळीच्या खाली लटकती ठेवावी, पण जमिनीला टेकू देऊ नये. हे सर्व करताना माणसाशी बोलत राहावे; त्याच्या डोक्यावरून दुसऱ्याशी बोलू नये.

पगारी माणूस ठेवताना

घरातील सर्व कमावते असतील तर बाहेरचे माणूस ठेवावे लागते व त्यात कमीपणा काही नाही. शहरांत ब्युरोमार्फत बारा तासांच्या पाळीने किंवा चोवीस तासांसाठी मावशी अथवा पुरुष मदतनीस मिळतो. आंघोळ घालणे, भरवणे, कूस बदलणे, चालविणे हे मदतनिसाचे काम; इंजेक्शन, नळी बदलणे, जखमेचे ड्रेसिंग हे परिचारिकेचे. परिचारिका म्हणून पाठविलेल्या व्यक्तीची महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडील नोंदणी पाहावयास मागावी. ओळखपत्राची प्रत घ्यावी, पोलीस ठाण्यात माहिती द्यावी. कामाचे तास, जेवण, साप्ताहिक सुटी, बदली माणूस कोण देणार आणि ब्युरो पगारातून किती कापून घेतो, हे लेखी घ्यावे. पहिले तीन-चार दिवस घरातील कोणीतरी सोबत राहून पाहावे. आजाऱ्याला बोलता येत असेल तर तो एकटा असताना त्याला विचारावे. येत नसेल तर अंगावर वळ, चेहऱ्यावर भीती दिसते काय ते पाहावे.

आणि ही मावशी कोण असते? पुष्कळदा ती आपल्याच वस्तीतली असते. आपली कोणाची तरी आई, बहीण असते. बारा तासांच्या पाळीसाठी दोन तास लोकलचा प्रवास करून आलेली असते. तिला चहाचा वेगळा कप ठेवणारी घरे आपल्यातही निघू लागली आहेत, हे लिहिताना आम्हाला वाईट वाटते. तिला बसावयास खुर्ची, डबा खावयास वेळ, घरातलाच संडास आणि रात्रपाळी असेल तर पाठ टेकावयास जागा दिली पाहिजे. आजाऱ्यासाठी ठेवलेल्या बाईकडून सगळ्या घराची धुणीभांडी करून घेऊ नयेत. घरकामगारांसाठी महाराष्ट्रात २००८ साली कल्याण मंडळाचा कायदा झाला आहे. तिची नोंदणी झालेली नसेल तर ती करण्यास घरातील शिकलेल्यांनी मदत करावी. महावग्गातच अशी तरतूद आहे की आजारी भिक्खूचे निधन झाल्यावर त्याचे पात्र व चीवर त्याची शुश्रूषा करणाऱ्यांना द्यावे. ज्या ग्रंथात लाभासाठी सेवा करू नये म्हटले आहे, त्यातच सेवा करणाऱ्याचा वाटाही ठरवून दिलेला आहे. पगार थकविताना मैत्रीची भाषा वापरणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आजाऱ्याचीही काही जबाबदारी त्या ग्रंथात सांगितली आहे. मानवते तेच करणे, त्यातही प्रमाण राखणे, औषध घेणे, दुखणे वाढले की कमी झाले हे खरे सांगणे, वेदना सोसणे. म्हाताऱ्या माणसांना हे वाचून दाखवावयास हरकत नाही. आमच्या अनुभवाने, लपविलेले दुखणे घराला अधिक महागात पडते.

कायदा आणि योजना

आईवडिलांना सांभाळणे हे उपकार नसून कायदेशीर कर्तव्य आहे. १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा बौद्धांनाही लागू असून त्यात मुलगा व मुलगी दोघांवरही वृद्ध आईवडिलांच्या पोषणाची जबाबदारी आहे. विवाहित मुलगीही यातून सुटत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी संहितेतील पोटगीच्या कलमाखाली १९८७ साली दिला. २००७ साली आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणाचा स्वतंत्र कायदा झाला. त्याखाली उपविभागीय अधिकारी दर्जाच्या अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणाकडे साधा अर्ज करता येतो. वृद्धाला येणे शक्य नसेल तर त्याच्या वतीने दुसरी व्यक्ती किंवा संस्था करू शकते. दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाह मंजूर होऊ शकतो. सांभाळण्याच्या अटीवर घर नावावर करून घेऊन नंतर न सांभाळल्यास ते हस्तांतर रद्द ठरविण्याची तरतूदही कलम २३ मध्ये आहे. मात्र ती अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहिलेली असावी. अंथरुणावरील माणसाचा अंगठा कोऱ्या कागदावर घेणे हा तर सरळ गुन्ह्याचा मार्ग होय.

योजनांबद्दल एक गैरसमज दूर केला पाहिजे. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षे व त्यावरील सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान कार्डावर वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंत उपचार मिळण्याची सोय झाली आहे. कार्ड अवश्य काढावे. परंतु ती सोय रुग्णालयात दाखल झाल्यावरची आहे. घरी ठेवलेल्या मावशीचा पगार किंवा डायपरचा खर्च तीतून निघत नाही. तो खर्च कुटुंबालाच पहिल्या बैठकीत मांडावा लागतो. गरीब वृद्धांसाठी श्रावणबाळ योजनेचे निवृत्तिवेतन आहे, त्याचा अर्ज तहसील कार्यालयात होतो. काठी, वॉकर, चाकाची खुर्ची, श्रवणयंत्र यांसाठी केंद्राची वयोश्री योजना २०१७ पासून आहे. पेन्शनधारकाचा हयातीचा दाखला मोबाईलवरून चेहरा दाखवून देता येतो, आणि सत्तरीपुढील खातेदारांना घरपोच बँक सेवा देण्याचे निर्देश रिझर्व्ह बँकेने २०१७ साली दिले आहेत. आजोबांना खुर्चीत उचलून बँकेत नेण्यापूर्वी शाखेत त्याची चौकशी करावी. वृद्धांसाठीचा १४५६७ हा मदतक्रमांक भिंतीवरच्या कागदावर लिहून ठेवावा.

संस्थेने काय करावे

कोणीच नसेल तर संपूर्ण संघाने, हे त्या नियमातील शेवटचे कलम आपल्या मंडळांना लागू पडते. केरळमध्ये १९९३ साली कोझिकोडे येथे वेदनाशामक सेवेची संस्था उभी राहिली, पुढे मलप्पुरम जिल्ह्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांचे गट तयार झाले, आणि २००८ साली राज्य सरकारने त्याचे धोरणच केले. प्रशिक्षित परिचारिका घरी जाते, आणि मोहल्ल्यातील स्वयंसेवक अंथरुणावरच्या माणसाची विचारपूस, तांदूळ, मुलांच्या शाळेची वही इतके सगळे पाहतात. हे काम मोठ्या इमारतीवाचून झाले आहे.

आपल्या प्रत्येक विहाराच्या परिसरात अंथरुणाला खिळलेले कितीजण आहेत, याची नोंदवही ठेवावयास काय खर्च येतो? दर रविवारी वंदनेनंतर दोन-दोन जणांनी एका घरी जावे, तीन तास बसावे, आणि त्या घरच्या बाईने त्या वेळात झोपावे किंवा माहेरी जाऊन यावे. पाहुणे म्हणून गेलो तर ती पुन्हा चहा टाकणार, म्हणून चहा न घेण्याचा नियम आधीच करावा. बोलता बोलता त्या वृद्धाला जुन्या मोर्चाच्या, दीक्षाभूमीच्या आठवणी विचाराव्यात. पाचवा गुण यात आपोआप साधतो. कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी औषधांचा तक्ता, सरकारी अर्ज आणि डॉक्टरांचे जुने कागद लावून देण्याचे काम घ्यावे.

शेवटच्या दिवसांविषयी माणूस बोलता असतानाच त्याला विचारून ठेवावे. पुन्हा अतिदक्षता विभागात जावयाचे की घरी राहावयाचे, हे त्याचे त्याला ठरवू द्यावे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली अशी इच्छा आधी लिहून ठेवण्यास मान्यता दिली व २०२३ साली त्याची पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर ती करता येते. घरी मृत्यू झाल्यास दाखला कोणते डॉक्टर देतील हे आधीच बोलून ठेवावे, कारण त्या रात्री धावाधाव करणे फार कठीण जाते. मृत्यूची नोंदणी २१ दिवसांच्या आत करावी लागते. पुण्यानुमोदनाचा विधी आटोपला की हवेची गादी, कमोडची खुर्ची, वॉकर ही सामग्री ब्लीचिंगच्या पाण्याने पुसून, दोन दिवस उन्हात ठेवून मंडळाकडे जमा करावी. नोंदवहीत तिच्यापुढे पुढच्या घराचे नाव लिहावे.